तीन खाचा

वाडीनाक्याच्या पुढे, अमरावती रोडला,
आमच्या दुकानात भिंतभर गॅस्केट टांगलेल्या असतात,
खिळ्यांना. भोकांमधून भिंतीचा निळा रंग दिसतो.
लहानपणी मी एकेका भोकातून बाबांना पाहायची.
सहाव्या सिलिंडरमध्ये ते टोपीसकट मावायचे.

आज भर दुपारी कैसरभाई मिस्त्री आले,
मागे पुनाराम, वर्तमानपत्रात काहीतरी घेऊन,
एक्स-रे धरतात तसं, दोन्ही हातांवर आडवं.
काउंटरवर उलगडलं.
तिसऱ्या नि चौथ्याच्या मधला पूल
जळून गेला होता, बोटभर.
बाकी सगळं शाबूत.

"पंप वाढवला यानं," कैसरभाई कूलरला सांगावं तसे बोलले.
"टर्बो मोठा टाकला. कुरईच्या घाटात
लोकायच्या गाड्या मागं टाकाच्या होत्या याले."
पुनाराम म्हणाला, "टाकल्या ना."
मग थोड्या वेळानं, हळूच, "अकरा."

मी तीन काढल्या.

काळी, ग्राफाइटची. स्वस्त.
हेड जरा ओबडधोबड असलं तरी निभावून नेते,
पण दाब वाढत गेला की एक दिवस
कुणाला न सांगता हात सोडते.

पोलादी, चार थरांची.
इंजिन तापतं, निवतं, हेड केसाएवढं उचललं जातं,
ही त्याच्यासोबत उठते नि बसते.
हिला मात्र आरसा लागतो.
फेसिंगची एक रेघ राहिली
तर पाणी तीच रेघ वाचत बाहेर येईल.

तांब्याची. ऑर्डर देऊन कापलेली,
गिऱ्हाईक परत आलंच नाही म्हणून पडलेली.
आगीला भीत नाही. पाण्याला नीट अडवतही नाही.
आणि हिचे बोल्ट पुन्हा पुन्हा कसावे लागतात.

पुनारामने अर्थातच तांब्याची उचलली.
उन्हात धरली. चेहऱ्यावर उजेड पडला.
"हेच दे मले."

"पिस्टन किती वर येते?" मी विचारलं.

कैसरभाईंनी खिशातून लग्नपत्रिका काढली.
पाठीमागे, गणपतीच्या उलट्या छापाखाली,
सहा आकडे, पेन्सिलीने:
बासष्ट, त्रेसष्ट, बासष्ट, अडुसष्ट, त्रेसष्ट, बासष्ट.
मी अडुसष्टवर बोट ठेवलं.
सगळ्यात उंच जो, त्याच्या मापानं घ्यायची.
काठावर एक खाच म्हणजे पातळ, दोन म्हणजे मध्यम.
मी तीन खाचांची पोलादी पुढे सरकवली.

"दोनवाली घेतली तं? कॉम्प्रेशन वाढन ना."
"वाढन. अन् चौथा पिस्टन हेडले नमस्कार करन."
कैसरभाई पहिल्यांदा हसले,
मग गप्प झाले, कारण मी बोल्टांचं विचारलं.

"धुतले."
"धुतले म्हणजे नवे झाले का?"

एक बोल्ट पुनारामच्या खिशातच होता.
नव्याशेजारी उभा केला.
दीड मिलिमीटर लांब.
त्या अकरा गाड्यांनी ओढून ठेवलेला.
ही जुनी गॅस्केट मेली खरी,
पण तिला घट्ट धरायचं काम ज्यांचं होतं
ते आधीच सैल पडले होते.

पुनाराम बराच वेळ दोन्ही बोल्टांकडे पाहत राहिला.
मग पैसे मोजले. सव्वीसच्या सव्वीस नवे घेतले.
तांब्याची पुन्हा खिळ्यावर.

मागून बाबा, डोळे मिटलेल्या आवाजात:
"आग, पाणी, तेल. तिघायलेही वाट द्याची.
गाठ पडू द्याची नाही."
हे ते प्रत्येकाला सांगतात. मिस्त्र्यालासुद्धा.

संध्याकाळी पलीकडच्या शेडमधून
टॉर्क रेंचचा कट्ट आवाज येत होता.
मधून बाहेर, मधून बाहेर,
घाई न करता.

जुनी गॅस्केट इथेच राहिली.
टाकून देण्याआधी मी ती डोळ्यांसमोर धरली.
पूल जळाल्यामुळे दोन भोकांचं एकच झालेलं.
त्यात बाबा, त्यांची खुर्ची,
आणि जबलपूरकडे निघालेला एक ट्रक
एकदमच मावले.