चौथं रीळ

हाउगेसुंदच्या थिएटरात मी मशीन चालवायचो,
तेव्हा पिक्चर कमी, माणसंच जास्त पाहिली.
तळहाताएवढी काच. तिच्यातून डोकी दिसत, मागून:
टकलं, लोकरीच्या टोप्या,
हेरिंगच्या कारखान्यातून थेट आलेल्या बायांचे रुमाल.
मानेवरून ओळखायचो मी गाव.

त्या नोव्हेंबरात पाणबुडीचा पिक्चर आला.
जर्मन पाणबुडी, जर्मन पोरं, दाढ्या वाढलेली,
खाटेखाली बटाटे, एकाच्या खिशात बहिणीचं पत्र.
पोस्टर लावत होतो तर शिडीखाली ओड्वार थांबला.
"यांचाही पिक्चर निघाला का?" म्हणाला.
थुंकेल असं वाटलं. त्याने तिकीट काढलं.

आमच्याकडे असं घर नाही
जिथं भिंतीवर चौकटीत जहाज नाही,
आणि जहाजाखाली तारीख.
वर्ष बहुतेक बेचाळीस.

पहिल्या रात्री हॉल भरला.
तिसऱ्या रिळात टॉर्पेडो सुटला,
लांबवर एक जहाज पेटलं, नखाएवढं.
पडद्यावरच्या पोरांनी टोप्या उडवल्या.
सहाव्या रांगेतून दोघे उठून गेले;
खुर्च्या आपटल्या त्या मला काचेआडही ऐकू आल्या.
हाल्डिस ट्वेट बसून राहिली.

मग चौथं रीळ.
वर विनाशिका, खाली पाणबुडी, आणि सगळं बंद.
इंजिन बंद, पंखा बंद, पायातले बूटसुद्धा काढलेले.
कप्तान ओठांवर बोट ठेवतो.
पोलाद कण्हतं.
फळीवरून एक पातेलं हळूहळू घसरतं,
आचाऱ्याचं पोरगं ते छातीशी धरतं, तान्ह्या बाळासारखं.
वरून टिक्, टिक्,
जवळ, अजून जवळ.

मी खाली पाहिलं.
चारशे माणसं श्वास रोखून.
कुणी गोळीचा कागद उलगडत होतं, अर्धाच राहिला.
ओड्वारला ढास लागली तशी शेजाऱ्याने त्याचा दंड दाबला,
जणू ती वर ऐकू जाईल.
जन्मभर ज्यांना पाण्यात पाहिलं
त्यांच्यासाठीच देव पाण्यात घालून बसलं होतं गाव.

खेळ सुटल्यावर हाल्डिस जिना चढून वर आली.
कोट हातात.
"आयविंद, मी श्वास धरला होता," म्हणाली.
"सापडू नयेत म्हणून.
ते."
मी रीळ उलटं गुंडाळत होतो. काय बोलणार?
"सिगवाल्ड पंपावर होता. सगळ्यात खाली.
येताना ऐकू येतं का रे, टॉर्पेडो?"
हे मला विचारलं की मशीनला, कळलं नाही.

पेपरात आलं, थरारक.
कुणी पत्र लिहिलं, बंदी घाला.
कुणी उलट लिहिलं, पोरं ती पोरंच, कुणाचीही असोत.
पाद्र्याने रविवारी दोन्हीकडचं थोडं थोडं बोलून घेतलं.
बेकरीत मात्र बाया फक्त पातेल्याबद्दल बोलत:
पडलं असतं तर?

दुसऱ्या रात्री ती परत आली. तीच खुर्ची.
चौथं रीळ. ओठांवर बोट. टिक्, टिक्.
आणि त्या शांततेत हाल्डिस खोकली.
खणखणीत. घसा ठणठणीत असलेल्या बाईचा खोकला.
सगळ्या माना वळल्या,
रागाने, खरोखरच्या रागाने,
हिने दगा दिला, अशा.
ती समोर बघत राहिली.
पडद्यावरची विनाशिका
कालच्यासारखीच निघून गेली.

तिसऱ्या रात्रीही आली.
मी फोकस सोडून काचेला नाक लावलं.
टिक् टिक् सुरू झालं, तसा तिचा हात तोंडाशी गेला
आणि तिथंच राहिला.
खोकला अडवायला, की हुंदका, की श्वासच,
मागून कसं कळणार?

त्या नादात रीळ संपलं.
दुसरं मशीन सुरू करायचं राहून गेलं,
फिल्मचं शेपूट फटफटत राहिलं.
पडदा पांढराफेक.
एरवी शिट्ट्या पडतात.
त्या रात्री त्या उजेडात
कितीतरी वेळ कुणी हललं नाही.