दुप्पट

म्हापशाच्या शुक्रवारी, बाजार उठता उठता
कायतानने ते जुन्या वर्तमानपत्रातून सोडवलं.
"बाय, हे भिंग दुप्पट जवळ आणतं.
काय आणायचं ते तुझं तू बघ."
साडेसहाशे. नळीवर कुणीतरी टोकदार काहीतरी घेऊन
अर्धंच कोरलेलं एक नाव, ते फुकट.

माझा कॅमेरा साबणाच्या वडीएवढा.
त्यावर हे चढवलं की
बापाची टोपी घातलेल्या पोरासारखा तो पुढे कलंडतो.
फ्लॅश झाकला जातो, बघायची छोटी खिडकीसुद्धा.
आटे तीनदा वाकडे बसले.
चौथ्यांदा बरणीचं झाकण लागावं
तसा आवाज आला.

पहिलं चित्र: नुसतं काळं कडं,
मधोमध बशीएवढी मांडवी,
विहिरीच्या तळातून आभाळ दिसावं तशी.
झूम पुरती पुढे काढली
तेव्हा कुठे कडं विरलं.
कडेकडेला मात्र जांभळी झाक राहिली;
बगळा कोकमात बुडवून काढल्यासारखा.

रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला गेले.
खाजणाच्या मानशीवर खंड्या होता.
मिळाला, पण थरथरीत.
माझा हात हलला असेल.

मग उगाच वळून
पलीकडे आपलं घर शोधलं.
चर्चच्या पांढऱ्या भिंतीपासून तिसरं छप्पर,
आणि अंगणात तांदळाच्या कणीएवढे बाबा.
काठीशिवाय उंबरा न ओलांडणारे बाबा,
ज्यांच्यासाठी मी वर्षभर
पणजीची नोकरी अर्ध्या दिवसाची केली आहे,
ते पेरूखाली उभे,
दोन्ही हात वर.

दोन्ही.

बटण अर्धं दाबून धरलं.
चौकोन हिरवा झाला, विझला, पुन्हा हिरवा.
फेरीबोट आडवी आली, गेली.
पेरू त्यांनी सदऱ्याला पुसला असावा,
रस्त्याकडेही पाहिलं असावं, मी येत नाही ना म्हणून.
एवढं काही दुपटीत दिसत नाही.

घरी पोचले तेव्हा
काठी खुर्चीला टेकलेली, बाबा खुर्चीत.
"कसं आहे तुझं भिंग?"
"ठीक. जरा जड आहे."
ताटलीखाली माझ्यासाठी दोन फोडी,
मीठ लावून.
"पेरू कुणी दिला?"
"एस्पेरांसा देऊन गेली," म्हणाले,
आणि उठायचं म्हणून
काठीकडे हात नेला, कण्हतसुद्धा जरासे.

मी आटे सोडवत राहिले.