तिसऱ्या पातळीवरचा मोर

बोमड्याल शेठांना सगळं वरच्या पट्टीतच हवं होतं.
चादर, टॉवेल, नॅपकिन, पंचा.
चादरीखाली सिंगल आणि डबल,
डबलखाली जेकार्ड आणि साधी,
जेकार्डखाली कमळ, चौकट, ताजमहाल
आणि सगळ्यात शेवटी मोर.
"गिऱ्हाइकाला विचारायची पाळी येऊ नये," म्हणाले,
"दुकानात कसं, बोट दाखवलं की माल खाली."

होईल की, म्हटलं मी.

भद्रावती पेठेतली आमची वरची खोली,
एप्रिलची दुपार पत्र्यावर तडतडत होती.
शेजारच्या शेडमधल्या मागांच्या आवाजात
मी यादीच्या पोटात यादी,
तिच्याही पोटात यादी लिहीत गेले.
एक फंक्शन, स्वतःलाच हाक मारणारं:
याला पोर आहे? उघड.
त्या पोराला पोर आहे? उघड.
नसेल तर पुढचा बाण काढून टाक.
दिवेलागणीला मेन्यू उलगडला,
घडीची चादर झटकावी तसा.
मी एकटीच दहा वेळा उघडून मिटून बघितला.

दुसऱ्या दिवशी कन्ना चौकात, गादीवर
लॅपटॉप ठेवला.
शेठ एकाहत्तर वर्षांचे.
उजव्या हाताला कंप आहे, दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही.
चादर. उघडलं.
डबल. उघडलं.
जेकार्डवरून मोराकडे निघाले,
तिरके निघाले,
वाटेत बाण 'साधी'ला घासला
आणि मोर मिटला.

पुन्हा निघाले.
पुन्हा मिटला.
तिसऱ्या वेळी माऊसला म्हणाले की मोराला, कोण जाणे,
तेलुगूत म्हणाले,
"आगु. आगु रा."
थांब. थांब रे.

मला हसू येणार होतं. आलं नाही.
मी धरूनच चालले होते
की माणूस काटकोनात जातो,
आधी नाकासमोर उजवीकडे,
मग वळून खाली.
कोण जातं असं?
मी स्वतः पार्क मैदान रोज तिरकं कापते.

घरी येऊन सगळं उसवलं.
मिटण्याआधी तीनशे मिलिसेकंद थांबायला शिकवलं,
मग चारशे.
नुसतं थांबून भागेना,
ज्याला खरंच 'साधी' हवी त्याचा खोळंबा.
शेवटी बाणाच्या टोकापासून
पुढच्या यादीच्या दोन कोपऱ्यांपर्यंत
न दिसणारा एक त्रिकोण ओढला.
बाण याच्या आत आहे तोवर
समजायचं, माणूस वाटेत आहे.
हात हलू दे, 'साधी'ला घासू दे,
मिटायचं नाही.

फंक्शनला नाव द्यायचं होतं.
रात्रीचा दीड. मागही थांबलेले.
मी आगु लिहिलं.
उद्या दुसरं कोणी हा कोड उघडेल
आणि डोकं खाजवेल. खाजवू दे.

फोनचं प्रकरण अजून बाकीच होतं.
फोनवर बोट एकतर टेकतं, नाहीतर नसतंच,
त्याला नुसतं घुटमळता येत नाही.
त्यात दोन रात्री गेल्या.

चौथ्या दिवशी नळाला पाणी आलं,
ते भरून ओल्या हातांनीच गादीवर गेले.
चादर, डबल, जेकार्ड.
शेठचा हात थरथरत तिरका निघाला,
'साधी'वरून गेला,
पोचला.
मोर दाबला.

पान रिकामं.
"फोटो नाही दिला तुम्ही," म्हटलं.
"फोटो कुठला," शेठ म्हणाले,
"कार्डं आहेत माळ्यावर. विणत नाही कोणी.
सात वर्षं झाली."
"मग काढू मेन्यूतून?"

खालच्या पोऱ्यानं चहा आणला.
शेठांनी बशीत ओतला, प्याले,
तोंड पुसलं.
"राहू दे.
मागितलं कोणी, तर म्हणू, आगु."

आणि बिलातून पाचशे कापले,
चार दिवस उशीर झाला म्हणून.