डाव्या हाताने

कुताइसीच्या बाजारात, चीजवाल्या बायकांची रांग संपते
तिथे माझं लोखंडी सामानाचं टेबल.
त्सिआला आली. रुमालाची गाठ सोडली,
आत लसणीच्या पाच पाकळ्या.
"लसूण चेपायचे चिमटे काढ. सगळे."

चकचकीत तो मी आधी पुढे केला.
भोकांना डोळा लावून तिनं उजेड पाहिला.
"साल अडकेल. आणि या फटीतला चोथा
काय केसाच्या पिनेनं उकरू?"

दुसऱ्यावर जर्मन शिक्का
(खोटा, हे तिलाही ठाऊक).
पहिल्याच पाकळीला त्याचा खिळा लडबडला.
तिसऱ्यातून रस आला, पण अर्धी पाकळी
कडेनं निसटून तिच्या कोटावर.
शेजारून नानुली ओरडली,
"दगडी खल दे की तिला, मिटव एकदाचं!"
त्सिआला वळलीसुद्धा नाही.

एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं,
ती सगळं डाव्या हातानं करत होती,
आणि डावा तिचा अगदीच अडाणी.
"उजव्यानं दाबा ना, जोर येईल."
"उजव्यानं मी वीटसुद्धा चेपीन."

मग टेबलाखालच्या खोक्यातून तो काढला,
काळा, ओबडधोबड,
मोटार कारखान्यातल्या कुणा फिटरनं
साहेबाची नजर चुकवून घडवलेला.
खालची दांडी रुंद, टेबलावर घट्ट बसते.
वरची वीतभर जास्तच लांब,
नुसता कोपर टेकला तरी उतरते.

तिनं कोपर टेकला.
लसणीच्या शेवया पडल्या, बारीक, एकसारख्या.
ती बघत राहिली. मग म्हणाली,
माझ्याशी नव्हे, चिमट्याशीच बहुतेक:
"चाळीस वर्षं सात्सिवीतल्या लसणीला
गुरामनं मला हात लावू दिला नाही.
मार्चपासून त्याची उजवी बाजू गेली.
आता खुर्चीत बसून मला चुका सांगतो."

"आठ लारी," मी म्हणालो. सवयीनं.
"पाच. खोक्यात गंजत होता."
"सहा."
पैसे तिनं उजव्या हातानं मोजले, झरझर.
उरलेल्या दोन पाकळ्या टेबलावर ठेवून गेली,
सहावा लारी मात्र दिलाच नाही.

संध्याकाळी ताडपत्री बांधली,
कोट चढवला,
आणि बटणं डाव्या हातानं लावून पाहिली.
दोन लागली.
तिसऱ्यापाशी नानुली विचारत होती,
काय रे, थंडी वाजते का?