बूड लागू नये म्हणून

त्या वर्षी आलुबुखाराचं झाड
कुंपणावर नेमकं आमच्या बाजूला वाकलं.
खोड व्हिलमामावशीचं, सावली आमची,
आणि खाली पडलेली फळं कुणाची
यावरून माझी आई आणि तिची थोरली बहीण
ईस्टरपासून बोलत नव्हत्या.

पण तांब्याची काहील आमच्याकडे,
वल्ह्याएवढा लाकडी डाव त्यांच्याकडे,
आणि सप्टेंबर काही कुणाच्या रागासाठी थांबत नाही.
देठापाशी सुरकुतलेली फळं
हात लावायचा अवकाश, हातात येत होती.

शनिवारी दुपारी मावशी डाव खांद्यावर टाकून आली,
अंगणात उभी राहिली
आणि कोंबड्यांकडे बघत म्हणाली,
"लाकडं वाळलेली आहेत का?"
आई मला म्हणाली, "सांग तिला, आहेत."
मी सांगितलं.
दोघींच्या मध्ये चार पावलं होती.

कोयी काढायचं काम माझं.
बोटं जांभळी, नखं काळी,
एका बादलीत कोयी, एकीत गर सालींसकट,
आणि बाजूला वीस-पंचवीस कच्ची, हिरवट फळं.
ती फेकायला निघाले तशा दोघी एकदम ओरडल्या,
"टाकू नकोस!"
आणि चोरी पकडल्यासारख्या गप्प झाल्या.
मग मावशी काहिलीला म्हणाली,
"आंबट असतं तेच धरून ठेवतं."

मावसभाऊ लोरांत देब्रेत्सेनहून
पेक्टिनचं पाकीट घेऊन आला होता.
त्यावर एक हसरी बाई, एक घड्याळ: सात मिनिटं.
मावशीने ते उसन्या पैशाकडे बघावं तसं पाहिलं,
आणि डुगडुगत्या बाकाच्या पायाखाली सरकवलं.
बाक रात्रभर हललं नाही.

साखर नाही. पाणी तळाला, घोटभर.
बाकीचं जाळाने आणि हाताने करायचं.
आठ वाजता नुसतं सार.
दहाला फसफसून काठापर्यंत आलं,
बाराला खाली बसलं
आणि मग थुंकायला लागलं,
चटके देणारे जाड थेंब, उडतील तिकडे.
म्हणून दांडा लांब. म्हणून बाह्या मनगटापर्यंत.
एकीने ढवळायचं, एकीने झोपायचं असं ठरलं होतं,
म्हणजे माझ्यामार्फत ठरलं होतं.
झोपलं कुणीच नाही.

दोनच्या सुमारास आईचा हात आखडला.
ती बोलली नाही, पण डावाचा आवाज बदलला,
तळाशी खर्रर्र झालं.
मावशी उठली,
आईच्या मुठीच्या वर आपली मूठ धरून
तिने दांडा ओढला.
"बूड लागेल."
"माहीत आहे मला."
कुणीच मला निरोप सांगायला लावला नाही.

मग त्या बोलत राहिल्या.
गुडघ्यांबद्दल. न्याराद्यांच्या विहिरीबद्दल.
लहानपणी कुणी कुणाची बाहुली तिसा नदीत फेकली त्याबद्दल.
कुंपणाचा विषयही निघाला,
आणि भांडल्या की, चांगल्या भांडल्या,
पण ढवळत भांडल्या,
डाव एकीच्या हातातून दुसरीच्या हातात जाताना
गोल फिरणं काही थांबलं नाही.
मी जाळात लाकूड सारलं.
जांभळ्याचं तपकिरी झालं होतं,
तपकिरीचं काळं होत होतं,
काहील तिसरा हिस्सा उरली होती.

उजाडता उजाडता मावशीने
एक चमचा बशीत काढला, फुंकला, थांबली,
आणि बशी उलटी करून
आईच्या डोक्यावर धरली.

"पडलं तर?" आईने मान न हलवता विचारलं.
"तर झाड तुझं."

आम्ही तिघी श्वास रोखून वर बघत होतो.
आईला बघता येत नव्हतं, तरी तीसुद्धा.
पडलं नाही.
आईच्या तोंडावर जे होतं त्याला
निराशा म्हणावं की हसू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

एकेचाळीस बरण्या भरल्या.
वीस त्यांच्या, वीस आमच्या,
आणि उरलेल्या एकीवरून
दोघी पुन्हा कंबर कसून उभ्या राहिल्या,
तोवर ती मी बाकाखाली नेली होती,
पाकिटाच्या शेजारी,
आणि बोटाने निम्मी संपवली होती.