ओहोटी, सहा वाजून बारा मिनिटं

चौतीस वर्षं मी गोदीच्या फळ्यावर
खडूने भरती लिहिली, ओहोटी लिहिली,
मिनिटांत आणि मीटरांत.
पाणी उतरल्यावर खाली काय उरतं
हे लिहायला रकानाच नव्हता.

आता दर बुधवारी साडेचारला
माटुंग्याच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
आम्ही एकवीस जण शिकतो.
गेल्या महिन्यात मोडी : आधी आडवी रेघ ओढायची,
अक्षरं मागाहून तिला लटकवायची.
त्याआधी शेअरबाजार, तेव्हा दोघांनी वर्ग सोडला.
त्याआधी ग्रहतारे. दमयंतीबाई तांडेल
शनीच्या कड्यांपाशीच घोरू लागल्या
आणि विजयकर सरांनी दिवे आणखी मंद केले.

आज सहल. शाळेची बस, भाड्याची,
पाठीवर लिहिलेलं : सावकाश, आत मुले आहेत.
गुडघे हनुवटीला टेकलेले.
मुकादमबाईंच्या डब्यातून पहाटे पाचलाच खिम्याचा वास.
सोनकांबळ्यांनी हजेरी घेतली, आणि सवयीने
गुप्त्यांचं नाव पुकारलं.
बस थोडा वेळ नुसतीच चालत राहिली.
मग मागून कुणीतरी म्हणालं, "रजेवर."
त्यांनी तसंच लिहिलं.

खारदांड्याचे खडक. काळोख, बॅटऱ्या, काठ्या,
एक वॉकर, त्याच्या चारी पायांना बांधलेल्या पिशव्या.
शिकवणारी मुलगी सव्वीसची असेल.
दर दोन पावलांना "सांभाळून हं" म्हणायची,
आणि घसरली तीच.
धरायला दहा हात पुढे आले,
त्यातले सहा तरी थरथरत होते.

ती लॅटिन नावं सांगू लागली,
आम्ही शुद्धलेखनासकट उतरवून घेऊ लागलो.
तेवढ्यात दमयंतीबाई, चक्क जाग्या,
काठ खोचून सगळ्यांच्या पुढे :
"ही कालवं. हे खुबे. तो निवटा, बगा कसा चालतो.
त्या फटीत हात नका घालू, चिंबोरी हाय."
मुलीनेही वही काढली.
आम्ही आपापल्या पानावर
डावीकडे एक रकाना वाढवला.

मग एका खळग्यात, तांब्याभर पाण्यात,
हिरवट फुलासारखं काहीतरी,
बारीक बोटं हलवत उघडं पडलेलं.
"आणि हे हो, बाई?"
त्या वाकल्या. बराच वेळ पाहत राहिल्या.
"ह्याला नाव नाय आमच्यान.
जे खात नाय, इकत नाय,
त्याला कोन नाव ठेवनार?"

जकात नाक्यावर हयात गेलेले सोनकांबळे
यावर हसले नाहीत.
मुलीला नाव ठाऊक होतं. ओठांपर्यंत आलेलं
तिने परत नेलं, ते मी पाहिलं.

मी बोट बुडवलं.
ते चिकटलं, हलकंच,
पाकिटाच्या ओल्या कडेसारखं,
आणि मिटलं.

घड्याळात सहा बारा. शून्य पूर्णांक चार मीटर.
आता पाणी फिरणार,
हे तिथे मला एकट्याला पाठ.
"चला, निघू या" म्हणायचं काम माझ्याकडे होतं.
आठ मिनिटं मी ते केलं नाही.

तोवर वॉकरची एक पिशवी समुद्राने नेली,
आणि मुलगी आम्हांला रागावली,
निवृत्त मुख्याध्यापकांसकट सगळ्यांना.
आम्ही रांगेत उभे राहून ऐकून घेतलं.
खिमा बसमध्येच संपला.

सोमवारी फोनवर सूचना :
पुढील बुधवारी आयकर. चष्मा आणावा.
वाळू घरीच झाडून यावी.
खाली पंधरा अंगठे,
आणि रात्री उशिरा, गुप्त्यांच्या नंबरावरून, सोळावा.
नात असेल.