अंगात लोखंड आहे का?

पहिल्याच दिवशी कुलासोबाईंनी
माझ्या केसांतली पिन काढून माझ्या तळहातावर ठेवली.
म्हणाल्या, ही घरी.
आणि आतला चुंबक रात्री, रविवारी, फेस्ताला,
वीज गेली तरी चालू असतो.
दिवा विझला म्हणून तो झोपला असं समजू नकोस.

तीन महिने यंत्राला हात नाही.
तीन महिने मी बांबोळीच्या त्या दाराशी, फॉर्म घेऊन.
पेसमेकर? मेंदूत क्लिप? कानात यंत्र?
कधी गोळी लागलीय?
रोज घेते गे बाय, कुडतरीची एक म्हातारी म्हणाली,
प्रेशराची, सकाळी एक.
मंगळसूत्र काढताना बायका कचरत नाहीत,
बाहेर उभे असलेले नवरे कचरतात.

मी पाळीची.
आमच्याकडे लोखंड वेगळं सांगायची वस्तू नव्हती.
ते दोरीवरच्या कपड्यांवर बसायचं,
पेजेच्या तोंडाशी, वहीच्या शिवणीत.
खाण थांबली त्या वर्षी आईला
चादर पहिल्यांदा पांढरी दिसली, आणि ती रडली.
चादरीसाठी की पगारासाठी, विचारलं नाही कुणी.

रात्री होस्टेलवर टी-वन, टी-टू.
पाण्यातला हायड्रोजन, त्याचं इवलं टोक,
सगळी टोकं एका दिशेला,
मग एक धक्का,
मग परत येताना ती काय बोलतात ते ऐकायचं.
प्रज्योतला कळेना. मी म्हटलं,
शिगम्यात ढोल थांबला तरी
रोमटातले पाय एकदम थांबत नाहीत ना?
ज्याचे त्याचे सुटत जातात, कुणाचे आधी, कुणाचे मागून.
टी-टू म्हणजे ते सुटणं.
त्यानं वहीत ढोल काढला.
परीक्षेत मात्र ढोल लिहिता येत नाही.

गुरुवारी सोनू मळीक. वय एकसष्ट.
कंबर, डावा पाय बधिर. तारीख मिळायला दोन महिने.
सगळ्या प्रश्नांना ना, ना, ना.
सही करताना त्यांची नखं दिसली,
कडेची ती तांबडी रेघ, साबणाला न जुमानणारी.
खंयच्या खाणीर? मी विचारलं,
आणि त्यांचा चेहरा उघडला.
वर्कशॉप. एकोणतीस वर्षं.
मशीनच्या बकेटचे दात घासायचे, ग्राइंडरवर.
चष्मा?
हसले.
डोळ्यांत कधी काही?
जायचंच. शेजारचा काढायचा, रुमालाच्या टोकानं.
एकदा आतच राहिलं. मग दुखायचं थांबलं.

मी पेन खाली ठेवलं.

एक्स-रेवर उजव्या खोबणीत
राईएवढा पांढरा ठिपका.
मुलगा ओरडला, मोपाचं भाडं सोडून आलोय,
पाठीचा फोटो हवाय,
डोळ्याचा कुणी मागितला?
माझ्याकडे उत्तर होतं, पण आवाज नव्हता.
मळीक मात्र खालमानेनं शर्टाची बटणं लावत म्हणाले,
म्हणजे कंपनीचं थोडं
माझ्याकडेच राहिलं म्हणायचं.

कुलासोबाईंनी रजिस्टरमध्ये एकच शब्द लिहिला, रद्द.
दुपारी खुर्चीतून उठल्या,
खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि चहाला गेल्या.
काचेपलीकडे कुणा शिक्षिकेचे पाय, पांढरे मोजे.
मी बटण दाबलं.
श्वास घ्या. सोडा. आता धरून ठेवा.
माझा आवाज मला ओळखू आला नाही,
त्या बाईंनी मात्र ऐकला, धरला श्वास.

शनिवारी घरी गेले.
बाबा पडवीत, मोडक्या पंख्याचे स्क्रू दातांत धरून.
विचारलं, डोळ्यांत कधी काही गेलेलं?
स्क्रू काढून म्हणाले,
आमच्या सगळ्यांच्याच. कशाला?
काही नाही, म्हटलं.
आई पेज वाढत होती.
बाबा कशावर तरी हसले,
आणि मी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिले,
जो हसताना
किंचित उशिरा मिटतो.